व्यायामशाळेची वर्गणी आणि तिचा हिशेब : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या अनुषंगाने

कुटुंबाच्या मासिक जमाखर्चात धान्य, घरभाडे, शिक्षण, औषधपाणी ही कलमे सर्वपरिचित आहेत व त्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. अलीकडे या यादीत एका नव्या कलमाची भर पडली आहे. ते म्हणजे व्यायामशाळेची, किंवा सर्वतोमुखी झालेल्या शब्दात सांगावयाचे तर 'जिम'ची वर्गणी. रक्कम पाहू जाता ती फार मोठी नसते. परंतु ती भरावी की न भरावी, आणि भरावयाची तर महिन्याची भरावी की वर्षाची, हे ठरविताना एरवी व्यवहारात चोख असलेला माणूसही अशी काही चूक करतो की ती अर्थशास्त्राच्या अभ्यासकास उद्बोधक वाटावी. ही चूक कोठे होते आणि तिचे मोल किती, याचा विचार पालघर आणि बोईसर-तारापूर या परिसरापुरता करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. लेखात येणारे वर्गणीचे व मजुरीचे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या गावातील आकडे घालून हिशेब पुन्हा मांडावा. रीत बदलणार नाही.

हाच परिसर निवडण्यास कारण आहे. पालघर हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला आणि पालघर गाव जिल्ह्याचे ठाणे बनले. बोईसरची वाढ त्याहून जुनी. तारापूर येथील अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि ग्रामपंचायतीच्या कारभाराखालीच एक मोठी कामगारवस्ती वाढत गेली. २०१३ साली पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा विरारपुढे डहाणू रोडपर्यंत वाढविण्यात आली व मुंबईस नोकरी करून येथे राहणाऱ्यांची संख्याही वाढली. म्हणजे एका बाजूस तीन पाळ्यांत राबणारा कारखान्यातील नोकर, दुसऱ्या बाजूस दिवसाचे चार तास गाडीत घालविणारा चाकरमान्या, अशी ही वस्ती आहे. दोघांनाही बैठ्या जीवनाचे दुखणे आहे आणि दोघांच्याही हाती वेळ थोडा आहे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर आरसे लावून थाटलेल्या व्यायामशाळांचे गिऱ्हाईक मुख्यतः या दोन वर्गांतून येते. मिठागरात वा वीटभट्टीवर दिवसभर ओझी वाहणाऱ्यास व्यायाम विकत घेण्याचा प्रश्नच पडत नाही, हे येथे एकदा नमूद करून पुढे जाऊ.

व्यायामासाठी पैसे मोजणे ही कल्पनाच आपल्याकडे तशी नवी आहे. कोल्हापूरच्या गंगावेस वा मोतीबाग तालमीत पोरगा जाई तो वस्तादाच्या पायाशी. तालमीचा खर्च राजाश्रयावर, पेठेच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचे, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचे. या संस्थांनी व्यायाम हे राष्ट्रकार्य मानले, व्यापार मानला नाही. अर्थात् तालीम फुकट होती म्हणून व्यायाम फुकट होता असे मात्र नव्हे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक घरून यावा लागे, आणि गरिबाचे पोर कुस्तीत मागे पडे ते बहुधा त्या खर्चामुळे. खर्च होताच, तो वर्गणीच्या नव्हे, खुराकाच्या रूपाने होता. पुढे १९३२ साली तळवलकर कुटुंबाने मुंबईत व्यायामशाळा काढली आणि व्यायाम हा पैसे देऊन घेण्याचा विषय हळूहळू मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला. आजच्या जिमचा वंश तालमीपेक्षा या शाखेशी अधिक जवळचा आहे.

वर्गणी देऊन सभासद नेमके काय विकत घेतो? प्रथम उपकरणे: लोखंडी वजने, दोरखंडाची यंत्रे, पळण्याचा पट्टा. दुसरे, छप्पर व जागा. तिसरे, शिक्षकाची नजर. चौथे, सोबत. आणि पाचवे, ज्याचा उल्लेख कोणत्याही फलकावर नसतो, ते म्हणजे आपण स्वतःला लावून घेतलेला धाक. दंड, बैठका व सूर्यनमस्कार यांना पहिल्याची गरज नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला तो याच आधारावर, की साडेतीन हात जागा पुरे. तरीही घरी सूर्यनमस्कार घालण्याचा निश्चय करणारे पुष्कळ आणि तो पाळणारे विरळा, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा वर्गणीचा मोठा भाग उपकरणांचे भाडे नसून या पाचव्या वस्तूची किंमत असतो. ही वस्तू विकत मिळते का, हाच खरा प्रश्न आहे.

आता आकडे घेऊ. समजा, एका व्यायामशाळेची वर्गणी महिन्यास १,२०० रुपये, तीन महिन्यांस ३,००० रुपये आणि वर्षास ९,००० रुपये आहे. फलकावर वर्षाचा आकडा ठळक असतो व त्याखाली "महिना केवळ ७५० रुपये" अशी ओळ असते. १,२०० च्या जागी ७५० हे पाहून मनुष्य भुलतो. परंतु ९,००० रुपयांत मासिक दराचे साडेसात महिने बसतात. म्हणजे आठव्या महिन्यातही जो नियमाने येत असेल त्यालाच वार्षिक वर्गणी स्वस्त पडते. जानेवारीत आरंभ करणाऱ्याचा आठवा महिना ऑगस्ट. पालघरच्या किनाऱ्यावर ऑगस्ट म्हणजे कोसळता पाऊस, नारळी पौर्णिमा आणि तोंडावर आलेले गणपती. त्या महिन्यात आपण रात्री नऊ वाजता व्यायामशाळेत असू काय, हा प्रश्न जानेवारीत स्वतःला विचारावयाचा आहे.

हाच विचार थोड्या गणिती अंगाने मांडता येतो. समजा, या महिन्यात येणाऱ्या १०० सभासदांपैकी ८५ पुढच्या महिन्यातही येतात व हे प्रमाण दर महिन्यास टिकते. अशा सभासदाची बारा महिन्यांतील सरासरी हजेरी ५.७ महिने भरते व मासिक वर्गणीने त्यास सुमारे ६,८६० रुपये पडतात. प्रमाण ९० असेल तर ७.२ महिने व सुमारे ८,६१० रुपये. ९५ असेल तर ९.२ महिने व सुमारे ११,०३० रुपये. म्हणजे वार्षिक वर्गणी लाभाची ठरण्यास दर महिन्याची चिकाटी शेकडा ९१ च्या घरात तरी हवी. शेकडा ९० आणि ९५ यांत ऐकताना फारसे अंतर वाटत नाही, पण निर्णय त्यामुळे उलटा होतो. आपण कोणत्या गटातील आहोत हे जाणण्याचा उपाय एकच: आपल्या मागील निश्चयांचा इतिहास. प्रस्तुत लेखकाने एके वर्षी सबंध वर्षाची वर्गणी एकरकमी भरली होती. त्या वर्षी त्याची हजेरी एकंदर २३ दिवस झाली. हा आकडा लिहिताना आनंद होत नाही, परंतु विषयाच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे.

एकरकमी भरण्याचे व्याजही ध्यानात घ्यावयास हवे. ९,००० रुपये आरंभीच देणे आणि दरमहा ७५० देणे यांतील फरक, पतपेढीचा दर शेकडा १२ धरल्यास, वर्षाला सुमारे ५०० रुपये होतो. उसने काढून वर्गणी भरणाऱ्यास तो प्रत्यक्ष लागतो. शिलकेतून भरणाऱ्यास तो अप्रत्यक्षपणे लागतो.

कराची गोष्टही येथेच सांगून टाकू. व्यायामशाळांच्या सेवेवर वस्तू व सेवा कर शेकडा १८ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा ५ झाला. ९,००० रुपयांच्या वर्गणीवर पूर्वी एकूण १०,६२० रुपये होत, ते आता ९,४५० होतात. मात्र नव्या दराबरोबर मालकास यंत्रे, भाडे इत्यादींवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो भार त्याच्या खर्चात मिसळतो, व म्हणून कपातीचा सर्व लाभ ग्राहकाच्या हाती पडेलच असे नाही. शिवाय ज्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे त्या सेवा-व्यावसायिकास नोंदणीचे बंधन नसते. दीडशे सभासदांकडून ९,००० रुपये घेणारा मालक १३.५ लाखांवरच थांबतो. तेव्हा लहान व्यायामशाळेत पावतीवर नोंदणी क्रमांक नसेल आणि तरीही कर मागितला जात असेल, तर तो देण्याचे कारण नाही.

वर्गणी भागिले हजेरी, म्हणजे दर खेपेस पडणारी किंमत, हे माप सर्वांत उपयोगी आहे. वर्षभर महिन्याला १६ वेळा जाणाऱ्याच्या १९२ खेपा होतात व ९,००० रुपयांत त्यास एक खेप सुमारे ४७ रुपयांस पडते. हा सौदा उत्तम आहे यात संशय नाही. दुसरा गृहस्थ पहिल्या महिन्यात १२, मग १०, ८, ६, ४, २ अशा उतरत्या क्रमाने जाऊन सातव्या महिन्यापासून बंद होतो. त्याच्या ४२ खेपा. वार्षिक वर्गणीत एक खेप २१४ रुपयांस. त्यानेच मासिक वर्गणी भरून चौथ्या महिन्याअखेर थांबण्याचे शहाणपण दाखविले असते, तर ३६ खेपा १३३ रुपये दराने पडल्या असत्या. एकाच फलकाखाली उभे असलेल्या या दोघांना एकच वस्तू दोन निराळ्या भावांनी मिळते, आणि भाव ठरतो तो मालकाच्या हाताने नव्हे.

हे अनुमान केवळ कागदी नाही. स्टेफानो डेलाविन्या व उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामसंस्थांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची रोजची हजेरी तपासून २००६ साली निबंध प्रसिद्ध केला. महिन्यास ७० डॉलरहून अधिक ठोक वर्गणी भरणारे सभासद सरासरीने महिन्यातून ४.३ वेळा येत. म्हणजे दर खेपेस त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत. त्याच संस्थांत दहा खेपांचे तिकीट घेतल्यास एक खेप १० डॉलरला मिळे. कोणीही त्यांना फसविले नव्हते. दोन्ही दर समोर असताना, आपण पुष्कळ वेळा येऊ या भरवशावर त्यांनी महाग पर्याय निवडला. येणे थांबविल्यावरही सभासदत्व रद्द करण्यास ते सरासरीने दोन महिन्यांहून अधिक काळ लावीत.

या निष्कर्षाचे आपल्याकडे जसेच्या तसे आरोपण करणे मात्र चुकीचे होईल. तेथे मासिक वर्गणी खात्यातून आपोआप वळती होई. बंद करण्यासाठी सभासदास काही करावे लागे. पालघर-बोईसरच्या लहान व्यायामशाळेत महिना संपला की पैसे पुन्हा स्वतःच्या हाताने द्यावे लागतात; न दिले की सभासदत्व आपोआप सरते. आळसाचा कल तेथे वर्गणी चालू राहण्याकडे होता, येथे बंद पडण्याकडे आहे. म्हणून आपल्या मासिक सभासदास आळस महागात पडत नाही. तो पडतो वार्षिक सभासदास, कारण त्याने बारा महिन्यांचा आळस आगाऊ विकत घेतलेला असतो. मात्र ज्या साखळी-व्यायामशाळा बँक खात्यातून परस्पर वसुलीची संमती घेतात तेथे अमेरिकेतील अनुभव पूर्णपणे लागू होतो.

"एकदा नऊ हजार भरले की पैसे फुकट जातील या भीतीने तरी जाईन," असे पुष्कळांचे म्हणणे असते. हेच ते स्वतःला लावून घेतलेल्या धाकाचे तत्त्व. तर्काच्या दृष्टीने पाहता दिलेले पैसे परत येणार नाहीत. तो बुडीत खर्च होय, आणि आज जावे की न जावे हे ठरविताना त्याचा विचार गैरलागू आहे. पण मनुष्य तर्काने चालत नाही व बुडीत खर्चाची बोच त्यास खरोखरच हलविते. अडचण एवढीच की ही बोच टिकत नाही. जॉन गुरव्हिल व दिलीप सोमण यांनी १९९८ साली दाखविले की सहा महिन्यांची वर्गणी एकदम भरणाऱ्या सभासदांची हजेरी वर्गणी भरल्यानंतर लगेच वाढते व पुढे महिनागणिक उतरत जाते. पुढचा हप्ता भरला की पुन्हा चढते. याचा अर्थ उघड आहे. धाक विकत घ्यावयाचाच असेल तर तो थोडा थोडा व वारंवार घ्यावा. दरमहा १,२०० देणारा वर्षातून बारा वेळा टोचून घेतो, वर्षाचे ९,००० देणारा एकदाच. महाग वाटणारी मासिक वर्गणी या हिशेबाने धाकाचा अधिक चांगला पुरवठा करते.

आता या परिसराच्या विशेष अडचणीकडे वळू. बोईसरमध्ये राहणारा, तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रासायनिक कारखान्याच्या नियंत्रण-कक्षात काम करणारा चाळिशीतील एक गृहस्थ कल्पू या. काम खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहण्याचे. डॉक्टरांनी रक्तातील साखर वाढत असल्याचे सांगून व्यायामाची सक्त सूचना दिली आहे. घरी दोन मुले, त्यांच्या शिकवण्या चालू. ९,००० रुपये ही त्या घरात सहज उचलण्याची रक्कम नव्हे. आठवड्यातून पाच दिवस जाऊ असे तो ठरवितो. तेरा आठवड्यांच्या तिमाहीत ६५ खेपा, ३,००० रुपयांत एक खेप ४६ रुपयांस. हा झाला मनातला हिशेब.

प्रत्यक्षात त्याची पाळी दर आठवड्यास बदलते. व्यायामशाळा सकाळी व संध्याकाळी उघडी, दुपारी बंद. पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्यास संध्याकाळ मोकळी, दुसऱ्या पाळीत सकाळ मोकळी; या दोन आठवड्यांत चार-चार खेपा धरू. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन तो झोपतो आणि संध्याकाळी उठतो तो पुढच्या रात्रीच्या तयारीसाठी. एक खेप झाली तरी पुष्कळ. तीन आठवड्यांत नऊ, म्हणजे आठवड्यास तीन, तिमाहीत ३९. एक खेप ७७ रुपयांस पडली. पुढच्या पाळीचा माणूस न आल्यास थांबावे लागते, गावी लग्नकार्य निघते. त्या खेपा आणखी वजा. हे लिहिण्याचा हेतू त्यास परावृत्त करण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम दोन दिवस तरी करावा. आठवड्यास तीन खेपांत हे साधण्याजोगे आहे. केवळ, पाच खेपांच्या कल्पनेवर वर्गणी न ठरविता तीन खेपांच्या वास्तवावर ठरवावी.

याहूनही मोठा खर्च वेळेचा आहे, आणि तो कोणी मोजत नाही. एका खेपेस तासभर व्यायाम व जाण्यायेण्याचा अर्धा तास धरल्यास महिन्याच्या १३ खेपांना साडेएकोणीस तास लागतात. कायद्याप्रमाणे जादा कामास दुप्पट दराने वेतन मिळते. या गृहस्थाचा नेहमीचा दर तासास ९० रुपये असल्यास जादा तास १८० रुपयांचा, आणि तेवढे सर्व तास जादा कामास मिळू शकले असते तर त्यांचे मोल ३,५१० रुपये झाले असते. म्हणजे मासिक वर्गणीच्या जवळजवळ तिप्पट. जादा काम नेहमीच उपलब्ध नसते, म्हणून हा आकडा कमाल मर्यादा समजावा. तरीही त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वर्गणीत शंभर-दोनशे रुपयांची सूट मिळविण्यासाठी घासाघीस करणारा मनुष्य घरापासून वीस मिनिटे दूर असलेली स्वस्त व्यायामशाळा निवडतो तेव्हा तो तोट्यात जातो. जवळची महाग व्यायामशाळा बहुधा दूरच्या स्वस्त व्यायामशाळेपेक्षा स्वस्त असते. त्यात शेअर रिक्षाचे भाडे धरलेले नाही.

मुंबईस जाणाऱ्या पालघरकराची स्थिती थोडी निराळी आहे. चर्चगेटपर्यंत एका दिशेस सुमारे दोन तास. कचेरीजवळची व्यायामशाळा त्यास सुचविली जाते, परंतु विरारपुढे येणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. व्यायामासाठी थांबून एक गाडी चुकली तर पुढचीसाठी फार वेळ तिष्ठावे लागते. म्हणजे तासाभराच्या व्यायामाचे मोल कधीकधी दोन तास होते. त्याच्यासाठी व्यायामशाळा स्थानकापासून घरापर्यंतच्या वाटेवर असणे ही जवळजवळ अटच समजावी. एकदा घरी जाऊन जेवून पुन्हा बाहेर पडणारे चाकरमाने असतीलही, पण त्यांच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

तर मग फुकटचा पर्याय का नको? शिरगाव, केळवे, चिंचणी येथे किनारे आहेत. चालण्यास पैसे पडत नाहीत. क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा विकास योजनेतून संस्थांना अनुदान मिळते, आणि गावोगावी उद्यानांतून खुल्या व्यायामशाळाही बसविलेल्या दिसतात. ज्यास हे साधेल त्याने अवश्य साधावे. परंतु फुकट दिसणाऱ्या पर्यायालाही किंमत असते. जून ते सप्टेंबर हे चार महिने येथे उघड्यावरचा व्यायाम सतत खंडित होतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या रस्त्यांवर पळणाऱ्याने तर हवेचाही विचार केला पाहिजे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होते. हा निर्देशांक हवा, पाणी व जमीन या सर्वांचा मिळून आहे, आणि बंद खोलीतील हवा बाहेरूनच येते, त्यामुळे व्यायामशाळा हा त्यावर उतारा आहे असे म्हणता येणार नाही. फार तर रस्त्यावरची धूळ व वाहनांचा धूर टळतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब वेगळ्या पायावर उभा राहतो. तिन्हीसांजेनंतर एकट्या बाईने रस्त्याकडेने झपाझप चालणे कागदावर फुकट आहे. प्रत्यक्षात अंधारा रस्ता, अवजड मालमोटारी आणि लोकांच्या नजरा यांमुळे ते पुष्कळींना उपलब्धच नसते. जो पर्याय उपलब्ध नाही त्याची किंमत शून्य धरून वर्गणीशी तुलना करणे ही हिशेबातील चूक आहे. स्त्रियांसाठी राखीव वेळ व स्त्री-शिक्षिका ठेवणारी व्यायामशाळा त्यांना उपकरणांपेक्षा सुरक्षित जागा विकत असते. घरात "तुला कशाला जिम हवी, चालत जा की" असे सांगितले जाते तेव्हा सांगणारा सहसा पुरुष असतो, एवढे नोंदवून ठेवतो.

वर्गणीबरोबर येणारा आणखी एक खर्च म्हणजे पूरक आहाराचा. प्रथिनांच्या भुकटीचा एक डबा दोन-अडीच महिन्यांच्या वर्गणीइतका महाग असू शकतो, आणि तो विकण्यात व्यायामशाळेस वा शिक्षकास वाटा असतो तेव्हा सल्ल्याकडे जपून पाहावे. सामान्य व्यायाम करणाऱ्याची गरज डाळ, अंडी, दूध, आणि या किनाऱ्यावर तर मासळी, यांतून भागते. जुन्या खुराकाचे हे नवे रूप आहे. फरक इतकाच की बदाम निदान ओळखता येत.

आगाऊ वर्गणी भरणारा सभासद हा वस्तुतः मालकाचा सावकार असतो, तोही तारणाशिवायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे राज्यातील व्यायामशाळा बंद झाल्या त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्यास, उघडण्याची परवानगी मिळाली. त्या काळात वर्षाची वर्गणी भरलेल्यांना किती महिने वाढवून मिळाले हे ज्याच्या त्याच्या मालकाच्या मनावर राहिले. मोठ्या नावानेही निश्चिंत होऊ नये. वर उल्लेखिलेल्या तळवलकरांच्या नावाची कंपनी २०१० साली रोखेबाजारात आली आणि २०१९ साली कर्जाची देणी थकली. पुढे शाखा बंद पडत गेल्या. म्हणून मोठी रक्कम भरावयाची झाल्यास मुदत, बंद काळात मिळणारी वाढ, आणि बदली वा आजारपणात उरलेली वर्गणी परत मिळेल की दुसऱ्याच्या नावे करता येईल, हे पावतीवर लिहून घ्यावे. सेवा सदोष असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. पण तोंडी वचनाच्या आधारावर दाद मागणे कठीण जाते.

आपल्या बोईसरच्या गृहस्थाकडे परत येऊ. त्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा: दारावर रोख देऊन आत जावयाचे असते तर एका खेपेस मी किती दिले असते? समजा, उत्तर १०० रुपये आले. मग १,२०० रुपयांच्या महिन्यात निदान १२ खेपा व्हावयास हव्यात. पहिले दोन महिने त्याने मासिक वर्गणी भरावी, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत गेल्या दिवशी खूण करावी. खुणा १२ किंवा अधिक झाल्यास तिमाही घ्यावी, व ती शक्य तर जूनच्या आरंभी घ्यावी, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने त्यात येतील. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी चिंचणीचा किनारा व घरी दंड-बैठका यांवर भागत असेल तर वर्गणी खंडित करण्यात कमीपणा नाही. वार्षिक वर्गणीचा विचार त्याने दोन तिमाह्या याप्रमाणे पार पडल्यावरच करावा. या क्रमात त्याचे दोन महिन्यांचे ९०० रुपये अधिक जातात खरे. परंतु आपली चिकाटी शेकडा ८५ ची आहे की ९५ ची, हे कळण्याची ती फी आहे, आणि ते न कळता भरलेल्या ९,००० रुपयांपेक्षा ती कमी आहे.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सुचवावीशी वाटते. त्याचे भाडे, यंत्रे, शिक्षकांचे पगार हे खर्च सभासद आला काय नि न आला काय, सारखेच राहतात. गर्दी होते ती संध्याकाळी सात ते नऊ. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात यंत्रे रिकामी उभी असतात. तीन पाळ्यांच्या या गावात नेमका त्याच वेळी दुसऱ्या पाळीस जाणारा कामगार घरी असतो, आणि रात्रपाळी करून आलेला दुपारी जागा होतो. अशांसाठी महिन्यांऐवजी खेपांवर वर्गणी ठेवता येईल; उदाहरणार्थ, सहा महिन्यांत केव्हाही वापरावयाच्या ४० खेपा, दुपारच्या वेळेस थोड्या कमी दराने. मालकास त्यासाठी एखाद्या शिक्षकाच्या वेळेची फेरआखणी करावी लागेल, बाकी खर्च जवळजवळ वाढणार नाही. कामगारास रात्रपाळीचा आठवडा बुडाल्याची रुखरुख राहणार नाही. अशी वर्गणी फलकावर लिहिलेली क्वचितच आढळते, परंतु एकाच कारखान्यातील आठ-दहा जण मिळून मागावयास गेले तर मालक ती नाकारील असे वाटत नाही. मात्र खेपांची संख्या आणि शेवटची तारीख पावतीवर घालून घ्यावी.